यादी, पैसा, मोजपट्टी, दप्तर: किल्लारीनंतरच्या घरदुरुस्तीत महिला मंडळांच्या हाती काय आले

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि लातूर जिल्ह्यातला औसा तालुका व तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातला उमरगा तालुका इथली गावेच्या गावे बसली. किल्लारी, मंगरूळ, सास्तूर, एकोंडी ही नावे महाराष्ट्राला त्या सकाळी कळली. सरकारी मोजणीनुसार ८ हजारांच्या जवळपास माणसे गेली. ६.४ तीव्रतेचा धक्का जगाच्या हिशेबाने मध्यम. इतकी माणसे गेली ती घरांमुळे.

त्या घरांची रचना आधी नीट पाहायला हवी, कारण पुढे गावात कुणाला काय समजले आणि कुणाच्या शब्दाला वजन आले, ते सारे इथून सुरू होते. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराची दगडी भिंत दोन-अडीच फूट जाड, बाहेरून किल्ल्यासारखी. आतून पाहिली तर त्या दोन भिंती असतात. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे मातीत कोंबलेल्या चिपा. दोन्ही थरांना आरपार धरणारा दगड क्वचितच. हादरा बसला की भिंत पोटातून फुगते, बाहेरचा थर गल्लीत पडतो आणि आतला अंथरुणावर. वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. छत गळू नये म्हणून पावसाळ्याआधी नवी माती चढवायची रीत. जुनी उतरवायची मात्र नव्हती. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती धरली तरी साडेचार टन वजन होते. कित्येक घरांवर थर त्याहून जाड होता.

दोन वाटा

पुनर्वसनासाठी जागतिक बँकेकडून सुमारे २४.६ कोटी डॉलरचे कर्ज मिळाले आणि १९९४ मध्ये महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. गावांच्या तीन श्रेणी ठरल्या. ‘अ’ श्रेणीतली ५२ गावे पूर्ण उद्ध्वस्त होती, ती नव्या जागी हलवायची. ‘ब’ श्रेणीतली थोडी गावे आहे तिथेच पुन्हा बांधायची. ‘क’ श्रेणी आकाराने सगळ्यांत मोठी: तडे गेलेली, अर्धवट पडलेली सुमारे दोन लाख घरे. तिथे घरमालकाला नुकसानीच्या प्रमाणात १७ हजार किंवा ३४ हजार रुपये देऊन घर दुरुस्त व मजबूत करून घ्यायचे.

‘अ’ श्रेणीची गोष्ट लवकर सांगून होते. बरीच गावे मोठ्या देणगीदारांनी दत्तक घेतली. आराखडा, ठेकेदार, साहित्य सगळे बाहेरून आले. घराचा आकार सातबाऱ्यावरून ठरला: भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्यांना ४००, त्यावरच्यांना ७५०. ज्याच्याकडे आधीच जास्त, त्याला घरही मोठे, असा हा निकष सरकारी कागदावर आला आणि गावाने तो स्वीकारायचा एवढेच उरले. नव्या गावांचे रस्ते काटकोनात, रुंद. गाव जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरले. शेत लांब गेले, नळाचा पाइप लांबला, दिव्याचे खांब वाढले, आणि त्याची देखभाल आली ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या घरपट्टीवर. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, हे नकाशा काढताना ज्याला विचारायला हवे होते तो माणूस तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहत होता. इथे मदत भरपूर आली. ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याकडेच राहिला.

‘क’ श्रेणीत पैसा थेट घरमालकाच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने पडणार होता आणि सिमेंट-लोखंड कुपनावर डेपोतून मिळणार होते. बांधायचे कुणी, कधी, कोणता गवंडी लावून, हे मालकाने ठरवायचे. कागदावर हा फार मोठा बदल होता. पण दोन लाख मालक, शेकडो गावांत विखुरलेले, त्यांतले कित्येक निरक्षर. कुपन कशाचे, पहिला हप्ता कशासाठी, दुसरा कधी, ‘भूकंपरोधक’ म्हणजे नेमके काय, हे प्रत्येक उंबऱ्यापर्यंत पोचवायला कनिष्ठ अभियंते पुरणारे नव्हते.

संवाद सहायक

या कामासाठी शासनाने स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभाग सल्लागार नेमले. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालच्या या संस्थेने गावात आपले पगारी कार्यकर्ते बसवण्याऐवजी गावच्या महिला मंडळांना पुढे केले. मंडळातल्या बाईने ‘संवाद सहायक’ व्हायचे: योजना गावाला समजावायची आणि गावाच्या अडचणी अभियंत्याला. १,२००-१,३०० गावांत हे पसरले, शेकडो बायका या कामात उतरल्या. त्यातल्या बऱ्याच जणींनी तोवर एकटीने एसटीने तालुक्याचे गाव गाठले नव्हते. ग्रामपंचायतीच्या चावडीवर बसणे तर दूरच.

या प्रकरणाकडे लोकसहभागाची गोड कहाणी म्हणून पाहण्यात आम्हाला रस नाही. आपत्तीनंतर गावात अधिकार चार जागी असतो. लाभार्थ्यांची यादी कोण करतो, पैसा कुणाच्या सहीने सुटतो, कामाचे मोजमाप कोण लिहितो, आणि दप्तर कुणाच्या कपाटात राहते. संवाद सहायकांकडे सुरुवातीला यातले काहीच नव्हते. त्यांना मिळाली माहिती आणि ती सांगायचा सरकारमान्य हक्क. त्या एवढ्याशा फटीतून त्या कुठवर पोचल्या, हे पाहण्यासारखे आहे.

यादीपासून सुरुवात करू. खेड्यात घराच्या मालकीचा पुरावा म्हणून बहुधा दाखवला जातो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीचा उतारा. त्यावर बहुतेक वेळा आजोबांचे नाव असते आणि आत तीन चुली पेटत असतात. नोंद एक, म्हणून अनुदान एक, भाऊ तीन. माहेरी परतलेली बाई, दिराच्या घरात एका खणात राहणारी विधवा, गावठाणाबाहेर वस्ती करून राहिलेली कुटुंबे नोंदवहीत सापडतच नाहीत. तलाठी-ग्रामसेवकाला हे एका फेरीत दिसत नाही. मंडळातल्या बाईला मात्र कुणाची चूल वेगळी आहे हे विचारावे लागत नाही. यादी सर्वांसमोर मोठ्याने वाचली गेली की गळलेली नावे तिथल्या तिथे निघतात. ती चावडीच्या फळ्यावर नुसती चिकटवली, तर ज्यांना वाचता येते त्यांचीच दुरुस्ती होते. ज्याला आपत्तीनंतर गावाचा विश्वास हवा आहे त्याने वाचन दोनदा करावे: एकदा मुख्य गावात, एकदा वस्तीवर, आणि तेही संध्याकाळी सातनंतर. दुपारच्या सभेला मजूर बाई येऊ शकत नाही, तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

मोजपट्टी

सगळ्यांत मोठा बदल मात्र बांधकामाच्या ज्ञानातून आला. ते नेमके काय होते ते सांगतो.

शासनाच्या तज्ज्ञांचे म्हणणे होते की दगडी भिंत टाकून देऊ नका, ती मजबूत करता येते. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचे, म्हणजे आतला-बाहेरचा थर एकमेकांना बांधला जातो. दारा-खिडक्यांच्या वरच्या पातळीला भिंतीच्या चारही बाजूंनी जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा फिरवायचा. माळवदावरची माती उतरवून थर पातळ करायचा. लाकडी खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरके टेकू द्यायचे. हे सगळे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते आणि स्वस्तही. लोकांनी ते फारसे केले नाही. ज्या दगडाखालून शेजाऱ्याला काढले त्या दगडाखाली पुन्हा निजायला कुणी तयार नव्हते. बहुतेकांनी त्या पैशातून जुन्या घराला लागून एक नवी पक्की खोली बांधली. अभियांत्रिकीच्या नजरेने हा कार्यक्रमाचा पराभव म्हणता येईल. आम्ही तसे मानत नाही: पैसा मालकाच्या हातात दिला तर तो तज्ज्ञाच्या सल्ल्याविरुद्धही जाऊ शकतो, आणि तसा जाऊ शकला तरच तो खरोखर दिला. खंत इतकीच की जुने घरही वापरात राहिले, आणि त्याच्या भिंती कित्येक ठिकाणी तशाच.

नव्या खोलीत धोका वेगळा. विटांची भिंत, वर पत्रा किंवा स्लॅब, दिसायला पक्के. ते भूकंपात टिकते का, हे ठरते तीन-चार गोष्टींवर, आणि त्या सगळ्या गिलावा झाल्यावर झाकल्या जातात. जोत्यावर एक आणि लिंटेल पातळीला, म्हणजे दारा-खिडक्यांच्या वर, एक सलग पट्टा लागतो. लिंटेल फक्त दारावर टाकून भागत नाही. ७५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यात ८ मिलिमीटरच्या दोन सळ्या आणि दर १५० मिलिमीटरला त्या सळ्यांना बांधणारी ६ मिलिमीटरची कडी. कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून दुसऱ्या भिंतीत न्यायची. कोपऱ्यांत उभी सळई, पायापासून वरपर्यंत. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी दूर.

आता या आकड्यांचा गावात उपयोग काय ते पाहा. दहा बाय दहाच्या खोलीला एका पट्ट्याची लांबी भरते साधारण १३ मीटर. दोन सळ्या आणि जोड धरून २८ मीटर, वजन ११ किलो. कड्यांचे चार किलो. म्हणजे एका पट्ट्याला १५ किलोच्या आसपास लोखंड. हा हिशेब ज्या बाईला येतो ती डेपोतून आलेल्या मालाकडे आणि गवंड्याने वापरलेल्या मालाकडे बघून सांगू शकते की सळई कुठे गेली. गवंडी म्हणतो, ‘बाई, एवढं कशाला, आम्ही आयुष्यभर बांधत आलो.’ ती म्हणते, ‘दादा, तुम्ही बांधलं, पण ते पडलंय. कडी मोजून दाखवा.’ या दोन वाक्यांत गावातली जी मोठी उलथापालथ आहे ती अहवालांच्या तक्त्यात मावत नाही.

पाणी मारण्याचेही तेच. सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस, शक्य तर दहा-चौदा दिवस ओलावा लागतो. मराठवाड्यात मार्च-एप्रिलमध्ये काम काढले तर ते पाणी हंड्याने आणायचे आणि आणणारी बाईच. तिला पाणी मारण्याचे कारण कळले नाही तर ती तिसऱ्या दिवशी थांबते, आणि थांबणे बरोबरच असते, कारण प्यायलाच पाणी नसते. कारण कळले तर ती बांधकाम पुढच्या हंगामावर ढकला म्हणून घरात भांडते, किंवा पट्ट्यावर ओले गोणपाट टाकून कमी पाण्यात निभावते. अशी सोय तालुक्याला बसून ठरवता येत नाही.

जे सुटले

हप्ता सोडण्याची सही शेवटपर्यंत अभियंत्याकडेच राहिली. मोजमाप पुस्तकात लिहिणारा तो, काम ‘झाले’ म्हणणारा तो. अशा रचनेत पुढे काय होते हे बांधकामाशी संबंध आलेल्या कुणालाही माहीत आहे. अभियंता पंधरा दिवस आला नाही की पट्ट्यापर्यंत आलेली भिंत उघडी पडते, गवंडी दुसऱ्या गावी जातो, परत आणायला जास्त मजुरी मागतो. एकाच वेळी हजारो घरे निघाल्याने गवंडी आणि वाळू दोन्ही महाग, आणि अनुदान ठरलेले. हा फरक कुटुंब भरते, बऱ्याचदा सावकाराकडून. संवाद सहायकाने काम पाहून अभियंत्याला निरोप धाडायचा. तिच्या पाहणीवर हप्ता सुटत नसे. तिच्या आणि अभियंत्याच्या संयुक्त सहीने सुटला असता तर? आमच्या मते या कार्यक्रमातली सर्वांत मोठी हुकलेली संधी ही. ज्ञान गावात उतरले होते, मोजपट्टी धरायला माणूस तयार होता, सहीचा रकाना मात्र त्याच्यासाठी छापलाच नव्हता.

दुसरी गोष्ट मंडळांच्या पैशाची. घराचा पैसा घरमालकाकडे गेला हे चांगलेच. पण मंडळाला संस्था म्हणून स्वतःचा निधी मिळाला नाही. संवाद सहायकाचे काम प्रकल्पाच्या मुदतीपुरते. कुणाला घ्यायचे, किती गावांत, कधीपर्यंत, हे वर ठरत होते. मंडळ कागदोपत्री असलेल्या गावांत सरपंचाच्या घरातलीच बाई पुढे आली तर माहिती त्याच वाड्यात फिरत राहते, हा धोका प्रत्येक अशा योजनेत असतो आणि त्यावर एकच उपाय चालतो: दोन बायका नेमायच्या, वेगवेगळ्या गल्लीतल्या, आणि त्यातली एक भूमिहीन घरातली.

दप्तराचे तर बोलायलाच नको. घरवार फोटो, नुकसानीची श्रेणी, उचललेले साहित्य, ही सगळी नोंद प्रकल्पाच्या कार्यालयांत गेली. पंधरा वर्षांनी घर वाटून घेताना किंवा जुन्या घराचा धोका तपासताना तो कागद गावात हवा होता.

प्रकल्पानंतर

१९९८ च्या सुमाराला कार्यक्रम संपला. सांगण्यासारखे हे की मंडळे संपली नाहीत. बायकांनी बचत गट बांधले, त्यातून कर्जव्यवहार, पाणी, आरोग्य, पुढे शेती अशी कामे घेतली. जानेवारी २००१ मध्ये कच्छ हादरले तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडे गेल्या आणि घर गमावलेल्या बायकांना पट्टा, सळई, हप्ता या गोष्टी समजावू लागल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतही गेल्या. कच्छमध्ये मालकानेच घर बांधायचे आणि हप्ते खात्यात घ्यायचे ही वाट मुख्य ठरली. तिथल्या संस्थांच्या जाळ्याने, कच्छ नवनिर्माण अभियानाने, गावगटांसाठी ‘सेतू’ केंद्रे उघडली: माहिती खाली, तक्रार वर. संवाद सहायकाचेच काम, पण स्थानिक संस्थांनी आपल्या हाताने उभे केलेले. या फरकाचे महत्त्व मोठे आहे. लातूरमध्ये महिला मंडळे शासनाच्या रचनेत सामावली गेली. कच्छमध्ये स्थानिक जाळे १९९८ च्या वादळापासून उभे होते आणि भूकंप झाल्यावर ते शासनाशी बोलणी करू शकले.

आज असे घडले तर

मदतीचा पैसा आणि अधिकार स्थानिकांच्या हाती देणे, या विषयाला जागतिक मंचांवर आता फार प्रतिष्ठा आहे. मे २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि मदतसंस्थांनी मानले की २०२० पर्यंत मानवीय मदतीचा २५ टक्के पैसा शक्य तितका थेट स्थानिक व राष्ट्रीय संस्थांकडे जावा. थेट गेलेला वाटा ५ टक्क्यांच्याही खाली राहिला. पण औसा-लोहाऱ्याच्या महिला संघाला अडवणारा दरवाजा त्याहून जवळ आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये परकीय योगदान कायद्यात, म्हणजे एफसीआरएत, दुरुस्ती झाली. कलम ७ नुसार परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या कुणाला हस्तांतरित करता येत नाही, समोरची संस्था नोंदणीकृत असली तरीही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. नव्याने नोंदणी हवी तर संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. आता मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेकडे परदेशी पैसा असला आणि उमरग्याच्या संघाकडे माणसे व ओळख असली, तरी ती मोठी संस्था संघाला अनुदान देऊ शकत नाही. ती फार तर संघातल्या बायकांना स्वतःच्या कामावर नेमते किंवा मोबदला देऊन काम करून घेते. म्हणजे पुन्हा १९९४ चीच मांडणी: काम गावाचे, सही बाहेरची.

देशी पैशाला हे बंधन नाही, पण कंपन्यांच्या सीएसआरचे, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चाचे, नियम आहेत. २०२१ पासून अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते. त्यासाठी ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी, १२अ आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, आणि संस्था कंपनीने स्वतः काढलेली नसेल तर तीन वर्षांच्या कामाचा पुरावा. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या ग्रामसंघ-प्रभागसंघांकडे, म्हणजे बचत गटांच्या संघांकडे, हिशेबाची शिस्त आहे, गावोगावच्या बायका आहेत, हे तीन-चार कागद मात्र बहुतेकांकडे नसतात. त्यांतला पहिला, नोंदणीचा, धर्मादाय आयुक्त कार्यालयात मिळतो. मग पॅन, संस्थेच्या नावाचे खाते, दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि आयकर विवरण. लेखापरीक्षणाचा खर्च दरवर्षी येतो आणि प्रकल्प नसलेल्या वर्षी तो द्यायला कुणी पुढे येत नाही. जो देणगीदार आज प्रभागसंघाला तीन वर्षांच्या लेखापरीक्षणाची फी देईल, एक अर्धवेळ हिशेबनीस देईल आणि नमुना ८ च्या पडताळणीसह घरनिहाय यादीची एक प्रत संघाच्याच कपाटात ठेवायला मदत करेल, त्याचा खर्च एका पक्क्या घराच्या किमतीहून कमी राहील. आणि पुढच्या आपत्तीत हप्त्याच्या कागदावर सहीचा दुसरा रकाना मागायला गावाकडे एक नोंदणी क्रमांक असेल.